संगणकाचा व्यवसाय आणि स्त्रिया

आमच्या महाविद्यालयात दर वर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो. मागच्या मेळाव्यात एक जुनी विद्यार्थिनी भेटली. ती संगणकशास्त्राच्या वर्गातली आणि मी अर्थशास्त्राचा मास्तर. पण ती वादविवाद मंडळाची चिटणीस असल्याने तिचे माझ्याकडे नेहमी येणे असे. शिक्षण संपताच ती पुण्याजवळ हिंजवडीला एका कंपनीत लागली. तिथे नऊ वर्षे काढली. हाताखाली आठ-दहा माणसे आली. मी सहज विचारले, "काय गं, आता कोणत्या हुद्द्यावर आहेस?" ती हसून म्हणाली, "कुठल्याच नाही, सर. दोन वर्षं झाली, सोडली नोकरी." मी कारण विचारले, तेव्हा तिने एवढेच सांगितले, "काम अवघड नव्हतं, सर. वेळ अवघड होती."

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. आजच्या भाषणात मी त्याचाच अर्थ लावून पाहणार आहे.

'यंत्र म्हटले की ते पुरुषांचे काम' ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र इतिहास नेमका उलट साक्ष देतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सैन्याला तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके लागत. एकेका मार्गाचा हिशेब हाताने करायला तीस-तीस तास जात. हे हिशेब करणाऱ्या माणसांनाच तेव्हा 'कॉम्प्युटर' म्हणत, आणि त्यांत गणित शिकलेल्या तरुण मुलींचा भरणा मोठा होता. पुढे ह्याच हिशेबांसाठी फिलाडेल्फियात 'एनियाक' नावाचे अवाढव्य विद्युत्यंत्र उभे राहिले. त्यात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या. हे यंत्र चालवण्यासाठी सहा मुलींची निवड झाली: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्यांच्या हाती कसले पुस्तक नव्हते, की शिकवायला कोणी गुरू नव्हता. गुप्ततेच्या नियमामुळे आरंभी त्यांना यंत्राच्या खोलीत प्रवेशही नव्हता. नुसत्या आराखड्यांवरून त्यांनी यंत्र समजून घेतले आणि त्याच्याकडून हिशेब करून घेण्याची रीत स्वतःच बसवली. १९४६ च्या फेब्रुवारीत जगापुढे त्याचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा तीस तासांचा हिशेब अर्ध्या मिनिटात होताना पाहून मंडळी थक्क झाली. त्या रात्री मेजवानी झाली. ह्या सहा जणींना तिचे आमंत्रण नव्हते! त्यांच्या कामाची जाहीर कदर व्हायला १९९७ साल उजाडावे लागले.

असे का व्हावे? यंत्र बांधणे हे मोठे काम आणि त्याला काय करायचे ते सांगणे हे कारकुनी काम, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून ते मुलींकडे सोपवले गेले. पुढे ध्यानात आले की खरी अक्कल ह्या सांगण्यातच लागते. ह्या सांगण्यालाच आपण 'प्रोग्राम' म्हणतो. मग त्या कामाला मान आला, पैसा आला, आणि त्यामागोमाग पुरुष आले. तेव्हा बुद्धीचा मुद्दा आपण इथेच निकालात काढू या. स्त्रीला संगणक झेपतो की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच यंत्राने दिलेले आहे.

मग अडते कुठे? ते इंग्लंडमधल्या एका बाईंनी फार लवकर ओळखले. त्यांचे नाव डेम स्टेफनी शर्ली. नाझींच्या छळातून सुटलेली ही ज्यू मुलगी १९३९ मध्ये वयाच्या पाचव्या वर्षी आई-वडिलांवाचून इंग्लंडला आली. मोठी झाल्यावर टपालखात्याच्या संशोधनशाळेत ती संगणकाचे काम शिकली. पुढे जिथे जावे तिथे बढतीची वाट बंद दिसू लागली, तेव्हा १९६२ मध्ये अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर तिने स्वतःचा व्यवसाय काढला. लग्न किंवा मूल झाल्यामुळे ज्यांनी नोकरी सोडली होती, अशा शिकलेल्या स्त्रियांना तिने काम दिले, आणि तेही घरी बसून. तेव्हा घरोघरी संगणक कुठले! ह्या बाया कागदावर पेन्सिलीने प्रोग्राम लिहीत आणि टपालाने धाडीत. ग्राहकाचा दूरध्वनी आला की मुलाचे रडणे ऐकू जाऊ नये म्हणून शर्लीबाई टंकलेखनाच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावून ठेवीत. स्त्रीच्या सहीच्या पत्रांना उत्तरे येईनात, तेव्हा त्या 'स्टीव्ह' अशी पुरुषी सही करू लागल्या. मग उत्तरे येऊ लागली. स्वयंपाकघरातल्या टेबलांवर चाललेल्या ह्या उद्योगाने काँकॉर्ड विमानाच्या नोंदपेटीचे काम केले. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष होते फक्त तीन. गंमत अशी की १९७५ मध्ये तिथे स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा झाला, आणि ह्या कंपनीलाच पुरुषांसाठी दार उघडावे लागले! २०२५ मध्ये त्या वारल्या. कामाची वेळ आणि जागा बदलली तर हातची गेलेली माणसे परत मिळतात, एवढी एकच गोष्ट त्यांनी सिद्ध केली. पण ती फार मोलाची आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. १९७४ मध्ये टाटांच्या टेल्को कारखान्याची अभियंत्यांसाठी जाहिरात निघाली. 'स्त्रियांनी अर्ज करू नयेत' असे तीत छापले होते. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी ह्या मुलीने रागारागात थेट जे. आर. डी. टाटांना कार्ड लिहिले. तिला पुण्याला मुलाखतीला बोलावले गेले आणि ती तिथे अभियंता झाली. ह्याच पुढे सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्धीस आल्या. आज तसे वाक्य कोणी छापणार नाही. संगणकाच्या धंद्यात तर आपल्या देशातल्या नोकरवर्गापैकी सुमारे तिसरा हिस्सा स्त्रियांचा आहे. दार उघडले, हे खरे. पण जिना जसजसा वर जातो, तसतशा बाया कमी कमी दिसू लागतात. त्या दारात अडत नाहीत, त्या जिन्यात अडतात. आणि तिथे कोणतीच पाटी लावलेली नसते, म्हणून जाब कोणाला विचारावा हेही कळत नाही.

माझ्या विद्यार्थिनीची 'वेळ' म्हणजे काय, ते आता बघा. आपल्या कंपन्यांचे कितीतरी काम अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी चालते. हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोला दहा वाजतात, तेव्हा इथे साडेअकरा. तिकडच्या साहेबाची ती प्रसन्न सकाळची वेळ. इकडे पोळ्या करायची, पोराला भरवायची किंवा निजवायची वेळ. त्या बैठकीत जो बोलतो तो साहेबाच्या नजरेत भरतो, आणि जो नजरेत भरतो त्याला बढती मिळते. जिची त्या वेळी तव्यावर पोळी आहे, ती बैठकीत असूनही नसल्यासारखी. तिची हुशारी कमी पडत नाही, कमी पडते ती रात्रीची साडेआठची वेळ.

ती वेळ तिचीच का अडकते? सरकारने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, माणसे दिवसाचे तास कसे घालवतात ह्याची. त्यात आढळले की दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात एक्क्याऐंशी आणि पुरुष शंभरात सव्वीस. जे हात लावतात त्यांचीही तुलना करा. स्त्रियांचे रोज सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांचे ९७ मिनिटे. ही झाली पगारावाचूनची पाळी. ती संपवून किंवा अर्धी टाकून बाई दुसऱ्या पाळीवर जाते.

कायद्याने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. काही आधार पक्के आहेत आणि ते प्रत्येक नोकरदार स्त्रीला ठाऊक हवेत. बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये तो सुधारला आणि पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक नोकर असतील तिथे पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आले पाहिजे, असेही त्यात आले. ह्या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गोवण्यात आल्या. दुसरा आधार लैंगिक छळाविरुद्धचा. १९९७ च्या विशाखा खटल्यातील निकालानंतर २०१३ मध्ये कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कचेरीत तक्रार समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या सभासद स्त्रिया हव्यात आणि एक जण बाहेरची हवी. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते, हे विसरू नये. तिसरा आधार रात्रपाळीचा. २००७ मध्ये पुण्यात रात्री कामावर निघालेल्या एका तरुण मुलीचा, तिला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने घात केला. सारे शहर त्या बातमीने हादरले होते. गाडीत पहारेकरी असावा, पहिली चढणारी आणि शेवटी उतरणारी बाई नसावी, असे दंडक कंपन्यांतून पडत गेले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची असते.

हे सारे चांगलेच आहे. पण अर्थशास्त्राचा मास्तर म्हणून मला ह्यात एक खाच दिसते. सव्वीस आठवड्यांच्या पगाराचा भार बहुतेक ठिकाणी एकट्या मालकावर पडतो. मग एखादा हिशेबी मालक मनातल्या मनात म्हणतो, 'त्यापेक्षा मुलगाच घेतलेला बरा.' आणि खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसाचीही रजा नाही. केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवस तरी मिळतात. म्हणजे मूल दोघांचे, आणि त्याचा खर्च मालकाच्या वहीत पडतो तो मात्र बाईच्या नावावर. हा भार विम्याच्या रूपाने सर्वांनी मिळून उचलला आणि बापालाही रजा मिळाली, तर मुलगी नेमताना मालकाचा हात आखडणार नाही.

राहिला परत येण्याचा प्रश्न. ह्या धंद्यात विद्या फार लवकर शिळी होते. दोन वर्षे घरी बसलेली बाई परत येते तेव्हा हत्यारे बदललेली असतात. मुलाखतीला बसलेला तरुण विचारतो, "मधली दोन वर्षं काय करत होता?" जणू ती झोपा काढीत होती! ह्यावर इलाज आहेत. टाटा समूहाने २००८ मध्ये खंड पडलेल्या स्त्रियांना ठरावीक मुदतीच्या कामावर घेऊन पुन्हा धंद्याला लावण्याची योजना काढली. इतर कंपन्यांतूनही तसे उपक्रम निघाले. २०२० च्या महासाथीत सगळेच घरी बसून काम करू लागले, आणि शर्लीबाईंनी १९६२ मध्ये सांगितलेले सर्वांना पटले. पण त्याला दुसरी बाजू आहे. घरी बसून काम म्हणजे 'घरीच तर आहे' असे घरच्यांना वाटते. कुकरची शिट्टी, दाराची घंटा आणि साहेबाचा आवाज तिघेही एकाच बाईला हाक मारतात. तेव्हा सवलत घरून कामाची असो की नसो, घरातले काम वाटून घेतल्याशिवाय तिचा उपयोग नाही.

आणि आता माझा कबुलीजबाब. ती विद्यार्थिनी मेळाव्यात निघता निघता म्हणाली, "सर, सोडण्यापूर्वी मी तुम्हाला फोन केला होता. आठवतं?" मला आठवले. मी तिला म्हणालो होतो, "मूल लहान आहे, थोडं थांब. नोकऱ्या काय, पुन्हा मिळतील." मी हे मायेने म्हटले होते. पण तिचा नवराही त्याच धंद्यात होता, आणि 'तो काय म्हणतो? तो थोडा थांबू शकेल का?' हे विचारायचे मला सुचलेसुद्धा नाही. वादविवादात समानतेची बाजू मांडायला मीच तिला शिकवले होते! कायदा करणारे, कंपन्या चालवणारे ह्यांना दोष देणे सोपे असते. पण जिन्यातली एक पायरी माझ्याही हातून निखळली होती.

तेव्हा, श्रोतेहो, तुमच्या घरची मुलगी किंवा सून असा सल्ला विचारायला आली, तर घाईने उत्तर देऊ नका. आधी तिच्याशेजारी तिच्या नवऱ्यालाही बसवा आणि दोघांपुढे घड्याळ ठेवा. साडेआठची बैठक आज कोणाची, उद्या कोणाची, पोळ्या कोण करणार, पोराला कोण निजवणार, हे कागदावर मांडा. मग नोकरी सोडायची की नाही, ते ठरवा.

माझी विद्यार्थिनी सध्या रोज दोन तास नवी विद्या शिकते आहे. त्या दोन तासांत मूल तिच्या नवऱ्याकडे असते. मी विचारले, "हे कसं जमलं?" ती म्हणाली, "सर, जमलं नाही. ठरवलं."