महाराष्ट्राची पवनऊर्जा धोरणे: सातारा आणि सांगली

सातारा आणि सांगली हे महाराष्ट्रातील पवनऊर्जेच्या प्रमुख जिल्ह्यांपैकी आहेत. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर व सडावाघापूर आणि सांगली जिल्ह्यातील ढालगाव व गुढे-पाचगणी येथील पठारांवर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. राज्याची पवनऊर्जा धोरणे मुळात अपारंपरिक विजेच्या वाढीसाठी आखली गेली. कोळशावरील एक युनिट विजेमागे सुमारे १ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असल्याने पुढे ती हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्याचेही साधन ठरली. करसवलत, निश्चित दर, खरेदीचे बंधन आणि लिलाव अशी चार वेगवेगळी साधने याच भागात एकापाठोपाठ वापरली गेली आणि प्रत्येकाचे परिणाम निराळे झाले.

राज्याचे अधिकार

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे, तर शेती व पाणी हे मुख्यत्वे राज्यसूचीतील विषय आहेत. प्राप्तिकर केंद्राच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे राज्य शासनाकडे प्रामुख्याने राज्याचे कर, जमीन, वीजदरातील अनुदान आणि वीज कंपन्यांवरील नियमन हीच साधने उरतात. वीजदर ठरवण्याचे काम महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग करतो. अपारंपरिक ऊर्जेच्या योजनांची अंमलबजावणी महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा) पाहते.

धोरणांची वाटचाल

करसवलत: सुरुवातीच्या काळात राज्याने पवनऊर्जेतील गुंतवणुकीवर विक्रीकरात सवलत दिली. तिला केंद्राच्या प्राप्तिकरातील वेगवर्धित घसाऱ्याची जोड मिळाली. परिणामी वीजव्यवसायाशी संबंध नसलेल्या उद्योगांनीही कर वाचवण्यासाठी पवनचक्क्या घेतल्या. घसाऱ्याचा लाभ यंत्राच्या किमतीवर मिळतो, त्याने निर्माण केलेल्या युनिटांवर नव्हे. त्यामुळे अशा सवलतीने यंत्रे लवकर उभी राहतात, परंतु ती उत्तम चालवण्याची प्रेरणा कमी राहते.

निश्चित दर: आयोगाने २४ नोव्हेंबर २००३ रोजी पवनऊर्जेच्या खरेदीदरांबाबत आदेश दिला. त्यानुसार नव्या प्रकल्पांना पहिल्या वर्षी प्रतियुनिट ३.५० रुपये व त्यानंतर दरवर्षी १५ पैसे वाढ असा १३ वर्षांचा दर मिळाला. यामुळे लाभ प्रत्यक्ष निर्मितीशी जोडला गेला. मात्र मुदत संपल्यावर जुन्या यंत्रांच्या विजेला कोणता दर द्यावा, हा प्रश्न पुढे उभा राहिला.

खरेदी बंधन: विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ८६(१)(ङ) नुसार एकूण विजेपैकी ठरावीक हिस्सा नवीकरणीय स्रोतांतून घेण्याचे बंधन राज्य आयोग घालू शकतो. महाराष्ट्रात २००६ च्या आदेशाने हे प्रमाण २००६–०७ साठी ३ टक्के ठरले व २००९–१० पर्यंत ते ६ टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आले. या साधनाने विजेला खात्रीची मागणी मिळते. खर्चाचा भार मात्र शासकीय तिजोरीऐवजी वीजग्राहकांवर येतो.

लिलाव: फेब्रुवारी २०१७ मधील पहिल्या राष्ट्रीय पवनऊर्जा लिलावात दर ३.४६ रुपयांपर्यंत उतरला. सर्वांत स्वस्त वीज देणारी जागा निवडली जाऊ लागल्याने नवे प्रकल्प प्रामुख्याने गुजरात व तामिळनाडूकडे वळले आणि साताऱ्याच्या पठारांवरील वाढ मंदावली.

राज्याने २०१५ च्या धोरणात नवीकरणीय ऊर्जेचे १४,४०० मेगावॅट, तर डिसेंबर २०२० च्या धोरणात १७,३६० मेगावॅट एवढे उद्दिष्ट ठेवले. २०२० च्या उद्दिष्टात सर्वांत मोठा वाटा सौरऊर्जेचा होता.

हंगाम, पाणी आणि शेती

सह्याद्रीवरील वारा जून ते सप्टेंबर या काळात सर्वाधिक असतो. नेमक्या त्याच काळात शेतीपंपांची मागणी कमी असते. दोन्ही जिल्ह्यांतील साखर कारखान्यांची उसाच्या चिपाडावरील सहवीजनिर्मिती मात्र हिवाळी गळीत हंगामात चालते. त्यामुळे हे दोन स्रोत काही अंशी परस्परपूरक ठरतात. १,९६० मेगावॅट क्षमतेचा कोयना प्रकल्प वाऱ्यातील चढउतार लगेच भरून काढू शकतो. परंतु पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने वार्षिक ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे.

कोयनेचे पाणी पश्चिमेला सोडल्यास वीज निर्माण होते. याउलट टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांद्वारे कृष्णेचे पाणी पूर्वेच्या आटपाडी, जत, कवठे महांकाळ अशा दुष्काळी तालुक्यांकडे चढवण्यासाठी वीज खर्च होते. दुष्काळी भागाची गरज आणि उत्सर्जनातील घट यांचा मेळ घालायचा, तर पाणी कमी करण्यापेक्षा उपशाच्या विजेचा स्रोत बदलणे हा अधिक व्यवहार्य मार्ग ठरतो. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि तिचा २०२३ मधील दुसरा टप्पा यांचा रोख शेतीला दिवसा सौरवीज देण्यावर आहे. दुसऱ्या टप्प्यात जमीनधारकांना हेक्टरी वार्षिक १.२५ लाख रुपये भाडे देण्याची तरतूद आहे.

स्थानिक परिणाम

पवनऊर्जा प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन बंधनकारक नाही. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चाळकेवाडी पठारावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण सुमारे चौपट कमी आढळले. त्यामुळे सड्यावरील सरड्यांची संख्या वाढली व त्यांच्या वर्तनातही फरक पडला. कास पठार आणि २०१० मध्ये स्थापन झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प याच परिसरात असल्याने जागेच्या निवडीचा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

कमी क्षमतेची जुनी यंत्रे काढून त्याच पठारांवर मोजकी मोठी यंत्रे बसवणे हा एक पर्याय आहे. केंद्राने त्यासाठी २०१६ मध्ये धोरण आणले व २०२३ मध्ये ते सुधारले. यामुळे नवी पठारे न वापरता निर्मिती वाढवता येते. मात्र एकाच पठारावर अनेक मालक व वेगवेगळ्या मुदतींचे करार असल्यास सर्वांची संमती मिळवावी लागते. करसवलतीच्या काळात झालेल्या विखुरलेल्या गुंतवणुकीचा हा एक दीर्घकालीन परिणाम मानता येतो.

हेही पहा

कोयना जलविद्युत प्रकल्प
टेंभू उपसा सिंचन योजना
सह्याद्री व्याघ्र प्रकल्प
कास पठार