भिजत ठेवलेली नेमणूक

११ सप्टेंबर १९६२ रोजी अमेरिकेच्या सिनेटनं थर्गुड मार्शल या काळ्या वकिलाच्या न्यायाधीशपदी नेमणुकीवर मतदान घेतलं. बाजूनं ५४, विरोधात १६. मतांत इतकी तफावत असताना हे मतदान व्हायला जवळजवळ वर्ष का लागलं, हा प्रश्न मला निकालापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मार्शलना पाडण्याइतकी मतं विरोधकांकडे कधीच नव्हती. त्यांच्या हाती होतं ते समितीचं वेळापत्रक, आणि त्याच्याच जोरावर त्यांनी हे घोंगडं भिजत ठेवलं.

पद होतं संघराज्याच्या दुसऱ्या विभागीय अपील न्यायालयातलं. न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमाँट ही तीन राज्यं या न्यायालयाखाली येतात. जिल्हा न्यायालयाचा निकाल पटला नाही की पक्षकार इथं येतो, आणि बहुतेक वेळा त्याचं प्रकरण तीन न्यायाधीशांच्या पीठासमोरच संपतं. आज अमेरिकेतल्या अशा सगळ्या न्यायालयांत मिळून वर्षाला ४०,०००च्या आसपास अपिलं दाखल होतात, तर सर्वोच्च न्यायालय साठ-सत्तर प्रकरणंच पूर्ण युक्तिवादासाठी घेतं. म्हणजे सामान्य माणसाच्या दृष्टीनं शेवटचा शब्द या मधल्या पायरीवरच उच्चारला जातो. राष्ट्राध्यक्षानं नाव सुचवायचं, सिनेटच्या न्यायविषयक समितीनं ते तपासायचं, मग सभागृहानं मत द्यायचं, अशी रीत आहे. एकदा शिक्कामोर्तब झालं की पद तहहयात. म्हणून तर दाराशीच अडवण्याचा मोह होतो.

मार्शल त्या दारापर्यंत कसे पोहोचले, ते सांगायला हवं. जन्म १९०८, बाल्टिमोर. आई शिक्षिका, वडील रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात आणि पुढे एका क्लबात नोकरीला. वडिलांना कोर्टात जाऊन खटले ऐकायची हौस होती आणि घरी जेवताना मुलांशी वाद घालायची त्याहून जास्त. त्यांच्याच राज्याचं, मेरीलँडचं, विधी महाविद्यालय काळ्या विद्यार्थ्यांना घेत नव्हतं. मार्शल रोज आगगाडीनं वॉशिंग्टनला जाऊन हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकले आणि १९३३ मध्ये पहिले आले. दोनच वर्षांनी गुरू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्यासोबत त्यांनी मेरीलँडच्या त्याच महाविद्यालयाविरुद्ध एका काळ्या विद्यार्थ्याचा खटला चालवला आणि जिंकला.

पुढची पंचवीस वर्षं वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेची वकिली. सर्वोच्च न्यायालयात ३२ प्रकरणांत बाजू मांडली, २९ जिंकली. १९५४ चा शाळांमधला वर्णभेद मोडणारा ‘ब्राउन’ निकाल सगळ्यांना ठाऊक असतो. मला मात्र १९४६ ची टेनेसीतली एक संध्याकाळ जास्त बोलकी वाटते. कोलंबिया गावातला खटला आटोपून मार्शल सहकाऱ्यांबरोबर मोटारीनं निघाले होते. पोलिसांनी गाडी अडवली, दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप ठेवला, मार्शलना एकट्याला आपल्या गाडीत घातलं आणि सहकाऱ्यांना सरळ पुढे जायला सांगितलं. पोलिसांची गाडी मुख्य रस्ता सोडून नदीच्या दिशेनं वळली. अलेक्झांडर लूबी या वकिलानं हुकूम धुडकावून आपली गाडी तिच्या मागे घातली. मागे साक्षीदार आहेत हे दिसल्यावर पोलीस गावात परतले. न्यायदंडाधिकाऱ्यानं मार्शलना आपल्या तोंडावर श्वास सोडायला सांगितलं, दारूचा वास येत नाही म्हणून सोडून दिलं. रात्रीच्या वेळी नदीकाठी नेलेला काळा माणूस त्या मुलखात बहुधा परत येत नसे.

१९६१ मध्ये संसदेनं कायदा करून न्यायाधीशांची ७३ नवी पदं निर्माण केली. अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी मार्शलना आधी जिल्हा न्यायाधीशपद देऊ केलं. रोज साक्षी-पुरावे ऐकण्याजोगा आपला स्वभाव थंड नाही, असं सांगून मार्शलनी ते नाकारलं आणि अपील न्यायालयाचाच आग्रह धरला. मला हा हट्ट योग्यच वाटतो. कायद्याचा अर्थ लावण्यात हयात गेलेल्या माणसाची जागा तिथंच होती.

२३ सप्टेंबर १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी नाव पाठवलं. न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड, मोठे जमीनदार आणि वर्णभेदाचे उघड कैवारी. त्याच वर्षी जूनमध्ये ईस्टलंड यांचे कॉलेजातले मित्र हॅरोल्ड कॉक्स यांचं नाव मिसिसिपीतल्या जिल्हा न्यायालयासाठी आलं होतं. ते काही दिवसांतच मंजूर झालं. हेच कॉक्स पुढे मतदार म्हणून नोंदणी करू पाहणाऱ्या काळ्या नागरिकांना भर कोर्टात चिंपांझी म्हणाले. त्यांच्यासाठी चपळाईनं हललेली समिती मार्शल यांच्या नावावर ढिम्म बसून राहिली.

सिनेटचं अधिवेशन संपलं. घटनेनं दिलेला विरामकाळातल्या नेमणुकीचा अधिकार वापरून केनेडींनी ऑक्टोबरमध्ये मार्शलना न्यायासनावर बसवलं. बारा वर्षांपूर्वी विल्यम हेस्टी हे अपील न्यायालयातले पहिले काळे न्यायाधीश झाले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीही हाच मार्ग धरला होता. अशा पहिल्या दोघाही काळ्या न्यायाधीशांना पुढच्या दारानं सरळ आत येता आलं नाही, ही गोष्ट त्या काळाबद्दल पुरेसं सांगून जाते. अशा नेमणुकीला मुदत असते. सिनेटचं पुढचं अधिवेशन शिक्कामोर्तबाविना संपलं, तर ती रद्द होते. विरोधकांना ‘नाही’ म्हणायची गरजच नव्हती. १९६२ चं अधिवेशन संपेपर्यंत काही न करणं पुरेसं होतं.

तीन सदस्यांची उपसमिती नेमली गेली. अध्यक्ष दक्षिण कॅरोलायनाचे ऑलिन जॉन्स्टन, दुसरे आर्कान्साचे जॉन मॅक्लेलन, तिसरे नेब्रास्काचे रोमन हृस्का. पहिली सुनावणी उजाडायला मे महिना लागला. मग तारखांवर तारखा. उपसमितीच्या वकिलानं कीस काढला तो मार्शलांच्या सनदेचा. सनद मेरीलँडची, मग न्यूयॉर्कच्या कचेरीत बसून वकिली कशी केली? ते संघराज्याच्या न्यायालयांत उभे राहत आणि तिथं उभं राहायला न्यूयॉर्कची सनद लागत नव्हती, हे उत्तर साधं होतं. तरी प्रश्न फिरून फिरून येत राहिला. न्यूयॉर्कचे रिपब्लिकन सिनेटर केनेथ कीटिंग या वेळकाढूपणावर उघड तुटून पडले. मार्शल डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले, आणि राज्याचे दोन्ही रिपब्लिकन सिनेटर त्यांच्या पाठीशी उभे. आजच्या वॉशिंग्टनमध्ये असं दृश्य शोधावं लागेल.

अनुभव एकाच विषयाचा, हाही एक आक्षेप. करविषयक आणि व्यापारी दावे मार्शलना नवे होते, हे खरंच होतं. पण एकाच वंशाचा वकील, हा त्यातला छुपा अर्थ खोटा होता. १९६० मध्ये केनियाच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी ते आफ्रिकी प्रतिनिधींचे सल्लागार म्हणून लंडनला गेले होते. मूलभूत हक्कांचा मसुदा करताना त्यांनी गोऱ्या आणि आशियाई अल्पसंख्याकांच्या मालमत्तेला संरक्षण देण्याचा आग्रह धरला. त्या आशियाईंत गुजराती आणि पंजाबी दुकानदार होते, तशी गोव्याहून गेलेली कारकुनांची आणि शिंप्यांची कुटुंबंही होती.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पूर्ण समितीनं प्रकरण उपसमितीच्या हातून काढून घेतलं आणि ११ विरुद्ध ४ मतांनी सभागृहाकडे पाठवलं. पुढचं मतदान वर सांगितलंच. आपल्याकडेही न्यायवृंदानं सुचवलेली काही नावं सरकारदरबारी महिनोन्महिने पडून राहतात, नकार कुणी कळवत नाही आणि कंटाळून उमेदवारच माघार घेतो. पद्धती वेगळ्या, पण ना होकार ना नकार ही युक्ती तीच, आणि तिचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही याची मला चीड येते.

दुसऱ्या विभागात मार्शल चार वर्षं होते. त्यांनी लिहिलेला बहुमताचा एकही निकाल सर्वोच्च न्यायालयानं फिरवला नाही. १९६५ मधलं एक प्रकरण मला मोलाचं वाटतं. न्यूयॉर्कमधल्या एका कैद्यावर पहिल्या दर्जाच्या खुनाचा आरोप होता. ज्यूरीनं त्याला दुसऱ्या दर्जाच्या खुनाबद्दल दोषी धरलं. अपिलात तो निकाल रद्द झाला, तर सरकारनं पुन्हा पहिल्या दर्जाचाच आरोप ठेवला आणि या वेळी देहदंडाची शिक्षा झाली. तीही रद्द झाली. तिसऱ्या खटल्यात आरोप तोच, शिक्षा मात्र पुन्हा दुसऱ्या दर्जाची. अपील केलं म्हणून माणसाला जिवावरच्या आरोपाला पुन्हा सामोरं जायला लावणं न्याय्य प्रक्रियेत बसत नाही, असं मार्शलनी लिहिलं. एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको हे घटनेतलं संरक्षण त्या वेळी राज्यांना लागू नव्हतं. त्यामुळे वाट जपून काढावी लागली.

त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सांगण्यावरून तहहयात पद सोडून, ४,५०० डॉलर कमी पगारावर, ते सॉलिसिटर जनरल झाले. १९६७ मध्ये ६९ विरुद्ध ११ मतांनी सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथं २३ जून १९६९ रोजी ‘बेंटन विरुद्ध मेरीलँड’ या खटल्यात बहुमताचा निकाल त्यांनीच लिहिला. चोरीच्या आरोपातून सुटलेल्या माणसाला, घरफोडीच्या शिक्षेवर अपील केल्यानंतर, मेरीलँडनं त्याच चोरीसाठी पुन्हा उभं केलं होतं. दुसऱ्यांदा खटला न चालवण्याचं बंधन त्या दिवसापासून मेरीलँडसह प्रत्येक राज्याला लागू झालं.