कुंडीतला कंदील

कासच्या पठारावर फुलांचे गालिचे बघायला सगळेच जातात. यंदा जरा गुडघे टेकून गवतातही बघा. नशीब असेल तर वीतभर उंचीचं कंदीलपुष्प दिसेल! 🌿

शास्त्रीय नाव सेरोपेजिया. खाली फुगीर नळी, वर टोकाला जुळलेल्या पाकळ्या. वासाला भुलून चिमुकली माशी आत घसरते आणि नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते. पुढे केस सुकतात, माशी सुटते आणि परागकण दुसऱ्या फुलावर नेते.

याचे कंद खाल्ले जात, त्यामुळे आधीच दुर्मीळ असलेल्या जातींवर आणखी ताण आला. म्हणून डोंगरावरून उपटून काहीही आणू नका.

बाल्कनीत हौस भागवायला याचीच दक्षिण आफ्रिकी बहीण आहे, नर्सरीत मिळणारी ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’. ती मूळची खडकांवरून लोंबणारी.

✅ मातीत निम्मी जाड वाळू
✅ भरपूर उजेड, पण दुपारचं कडक ऊन नको
✅ माती सुकल्यावरच पाणी, नाहीतर कंद कुजतो
✅ वेलीवरचे मण्यांएवढे कंद ओलसर मातीवर टेकवा, नवं रोप तयार!

तुमच्याकडे फुललाय का कंदील?