उंबरठा एक, वाटा दोन

सेवाग्राम आश्रमातली सर्वधर्म प्रार्थना ज्यांनी ऐकली असेल, त्यांना ठाऊक असेल की ती एका जपानी बौद्ध मंत्राने सुरू होते. निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्षू १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना 'गुरुजी' म्हणत. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप त्यांच्याच परंपरेतला. त्यामुळे जपानी माणूस आम्हा वर्धेकरांना तसा परका नाही.

आमचं सावंगी (मेघे) हे वर्ध्याला लागूनच असलेलं गाव. १९९० मध्ये इथे वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि गावाची चालच बदलली. कापसाच्या भावाच्या गप्पा जिथे व्हायच्या, त्या टपरीवर आता पोरं जर्मनीतल्या नोकऱ्यांबद्दल बोलतात. त्यातल्याच एकाने मला विचारलं, "चाचा, जपानी माणूस नुसता पासपोर्ट घेऊन जर्मनीत उतरतो म्हणे. मग आम्हालाच एवढी फाईल कशापायी?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर जरा बैठक मारून द्यावं लागतं. आजच्या बोलण्याचा विषय तोच.

आधी दोन शब्दांतला फरक. पासपोर्ट म्हणजे आपल्या देशाने दिलेली ओळख : हा माणूस आमचा आहे, असं सरकारने जगाला सांगणं. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशाने दिलेली मुभा : या, पण इतके दिवस आणि या कामासाठी. पहिलं आपल्या हक्काचं असतं, दुसरं समोरच्याच्या मर्जीचं.

युरोपात ही मर्जी बहुतेक देशांनी एकत्र बांधली आहे. लक्झेंबर्ग देशात मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचं छोटंसं गाव आहे. १४ जून १९८५ रोजी तिथे पाच देशांनी करार केला : फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. आपसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू काढून टाकायची, असं ठरलं. प्रत्यक्ष अंमल मार्च १९९५ मध्ये सुरू झाला. आज या मंडळात २९ देश आहेत. २०२५ च्या १ जानेवारीला बल्गेरिया आणि रुमानिया पूर्णपणे आत आले. एका देशाने दिलेला शेंगेन व्हिसा साधारणपणे बाकी सगळ्यांना चालतो. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र यात नाहीत. त्यांचं बिऱ्हाड वेगळं, नियमही वेगळे.

युरोपीय संघाने जगातल्या देशांच्या दोन याद्या केल्या आहेत. एका यादीतल्या नागरिकांना थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठीही व्हिसा लागतो, दुसऱ्या यादीतल्यांना लागत नाही. भारत पहिल्या यादीत आहे आणि जपान दुसऱ्या. कोणता देश कुठे टाकायचा, हे ठरवताना पाहुणे मुदत संपल्यावर परत जातात का, सुरक्षेचा धोका किती, व्यापार आणि पर्यटन किती, तो देश आपल्या लोकांना कसं वागवतो, हे सगळं पाहिलं जातं. म्हणजे हिशेब देशाचा होतो आणि भोगतो एकटा माणूस. त्याचा स्वभाव, त्याची नियत या यादीत कुठेच नसते.

आता जपानी प्रवाशाचं पाहू. त्याला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. हा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण आपल्या व्हिसाला सुद्धा तोच लागतो. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. समजा एखादा माणूस १० जानेवारीला उतरला आणि सलग राहिला, तर साध्या वर्षात ९ एप्रिलला त्याचे ९० दिवस भरतात. मग एक दिवस बाहेर जाऊन परत आलं की नवे ९० दिवस मिळतात, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. ज्या दिवशी तो आत असेल, त्या दिवसापासून मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यात ९० च्या वर गेला नाही ना, हे पाहायचं. आपल्या माणसाला ९ जुलैपासून पुढे एकेक दिवस मोकळा होत जातो.

काही देशांशी जपानची जुनी द्विपक्षीय समजूतही आहे. जर्मनीत तर जपानी माणूस व्हिसाशिवाय उतरून, तिथेच लांब मुक्कामाचा परवाना मागू शकतो. परवाना हातात पडेपर्यंत नोकरी मात्र सुरू करता येत नाही.

इथपर्यंत ऐकून वाटतं, जपानी माणसाला अटच नाही. अटी आहेत. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा. कशासाठी आलात, कुठे राहणार, खर्चाला पैसे आहेत का, परतीचं तिकीट आहे का, हे सीमेवरचा अधिकारी त्यालाही विचारू शकतो. उत्तर पटलं नाही तर परत पाठवू शकतो. नीट पाहिलं तर आपल्या फाईलमध्ये हेच प्रश्न असतात. फरक एवढाच की त्याला ते उंबरठ्यावर विचारतात, आणि तेही क्वचित. आपल्याला ते महिनाभर आधी, आपल्याच मुलखात विचारतात आणि प्रत्येकाला विचारतात. व्हिसा म्हणजे घरापासून दूर नेऊन ठेवलेला उंबरठा.

त्यातही आता नवी यंत्रं आली आहेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकी नोंदीची पद्धत सुरू झाली. जपानी प्रवाशाचा चेहरा आणि बोटांचे ठसे तिथे घेतले जातात. आपले ठसे व्हिसाच्या वेळीच दिलेले असतात, म्हणून आपला फक्त चेहरा टिपतात. शिवाय ज्यांना व्हिसा लागत नाही, त्यांनी निघण्याआधी इंटरनेटवरून परवानगी घ्यायची, अशी योजना युरोपीय संघाने जाहीर केली आहे. त्यासाठी २० युरो फी ठरली आहे. ब्रिटनने अशीच पूर्वपरवानगी ८ जानेवारी २०२५ पासून जपानी प्रवाशांना लागू केली. म्हणजे उंबरठा त्यांच्याही घराकडे सरकू लागला आहे.

आता आपली फाईल. समजा सावंगीच्या एका जोडप्याची लेक जर्मनीत नोकरीला आहे आणि तिच्या बाळंतपणाला आईबाप निघाले आहेत. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार, त्याच्याकडे. जर्मनीसाठी महाराष्ट्र मुंबईच्या वकिलातीच्या कार्यक्षेत्रात येतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकाल साधारण पंधरा दिवसांत येतो, पण पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. म्हणून बाळंतपणाची तारीख कळली की लागलीच हालचाल करावी.

फी ११ जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो झाली. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना काही नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. सोबत आजारपणाचा प्रवास विमा हवा, किमान ३०,००० युरोचा. बँकेचं पासबुक, आयकराचं विवरण, नोकरी असेल तर रजेचा कागद, शेती असेल तर सातबारा, हे सगळं जोडायचं. लेक खर्च उचलणार असेल तर तिने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन हमीपत्र करून पाठवायचं. जर्मनीत त्या हमीपत्राला मोठं वजन आहे.

या कागदांतून अधिकाऱ्याला एकच गोष्ट ताडायची असते : हा माणूस परत जाईल का? म्हणून शिल्लक किती यापेक्षा ती कशी जमली, हे बोलकं असतं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक दोन लाख आले तर शंका येते. वर्षभर थोडं थोडं येत-जात राहिलेलं खातं अधिक खरं वाटतं. सातबारा, घर, पेन्शन, मागे राहिलेली म्हातारी आई, ही सगळी परतीची दोरी असते. ती कागदावर दिसली पाहिजे. तोंडाने सांगून भागत नाही.

माझ्या ओळखीतल्या अशाच एका बापाला एका देशाने व्हिसा नाकारला. कारण दिलं होतं : परत जाण्याच्या इराद्याबद्दल खात्री वाटत नाही. ज्या माणसाने साठ वर्षांत नागपूरच्या पुढे मुक्काम केला नाही, त्याला हे वाचून काय वाटलं असेल! नातू चार महिन्यांचा झाल्यावर त्याने तो फोनवरच पाहिला. अशा नकाराचं कारण लेखी मिळतं आणि त्यावर दाद मागण्याचा हक्कही असतो. जर्मनीने मात्र वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता कोर्टात जावं किंवा नवा अर्ज करावा. सामान्य माणसाने नकाराचं कारण शांतपणे वाचून, तेवढी उणीव भरून नवा अर्ज करावा, हे बरं.

एक दिलाशाची बातमीही आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले. तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करण्याचा व्हिसा मिळू शकतो. त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरत असेल तर पाच वर्षांचा. वागणूक चांगली असली की यादीतल्या माणसालाही वाट थोडी रुंद होते.

आता थोडं नावाबद्दल. हा विषय माझ्या बिरादरीच्या जिव्हाळ्याचा, पण तेवढ्यापुरता नाही. आमच्याकडे 'शेख अमुक शेख तमुक' अशी नावं असतात. शाळेच्या दाखल्यावर मास्तर 'शे.' लिहितात, 'मोहम्मद'चं 'मो.' होतं. देवनागरीत ते खपून जातं. रोमन लिपीत गेलं की त्या एका मोहम्मदची चार स्पेलिंगं होतात : दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, लेकीच्या निकाहनाम्यावर चौथं. वकिलातीला ती चार माणसं दिसतात. पुन्हा आडनावाचा रकाना असतोच. 'शेख' आधी येतं म्हणून ते नाव धरायचं की आडनाव? कुणी रकाना रिकामाच सोडतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचं ठरवलं, तेव्हा पुष्कळांची झोप उडाली. मराठी घरातही लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, वडिलांचं नाव घातलेलं आणि गाळलेलं, असे घोळ कमी नाहीत. पासपोर्ट काढण्याआधीच सगळे कागद एका नावावर आणावेत. नंतर ते काम दहापट होतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर पासपोर्टसाठी जन्माचा दाखलाच लागतो. तेव्हा तो दाखला करतानाच अक्षर न् अक्षर तपासा.

कागद माणसाचं काय करू शकतो, याची एक गोष्ट सेवाग्रामातच घडली आहे. फुजी गुरुजींच्या पंथातला एक जपानी साधू तिथे राहत होता. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि तो साधू एका दिवसात शत्रुदेशाचा नागरिक ठरला. त्याला पकडून नेलं. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी लोकांना उद्देशून एक पत्र लिहिलं. त्यात त्यांनी जपानच्या आक्रमणाचा कडक निषेध केला, आणि त्याच पत्रात या साधूची आठवणही काढली : त्याचा कामसूपणा, त्याचं हसू. जाताना तो आपली प्रार्थना आणि छोटा ढोल मागे ठेवून गेला, आणि त्यानेच आश्रमाची प्रार्थना सुरू होते, असं त्यांनी लिहिलं. देशाशी भांडण आणि माणसाशी स्नेह, दोन्ही एका कागदावर मावू शकतात.

यादी बदलणं आपल्या हाती नाही, ते सरकारांचं काम. फाईल नीट ठेवणं आपल्या हाती आहे. दलालाच्या सांगण्यावरून खोटा कागद एकही जोडू नका. तो पकडला गेला तर पुढची कित्येक वर्षं सगळीच दारं बंद होऊ शकतात. आणि व्हिसा हाती आला की त्यावरच्या तीन गोष्टी वाचा : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस, आणि किती वेळा आत जाता येईल. तारखा तीन महिन्यांच्या आणि दिवस तीसच, असंही असतं. त्या तीस दिवसांत लेकीचं बाळंतपण आटोपून वेळेवर घरी या. म्हणजे पुढच्या खेपेला, आणि तुमच्यामागून जाणाऱ्या शेजाऱ्यालाही, उंबरठा थोडा सोपा होईल.