विश्लेषण : बेशुद्ध डायव्हरला होडीत घेणे इतके अवघड का?

मालवण, तारकर्ली किंवा गोव्यातील ग्रँड आयलंड... स्कूबा डायव्हिंगला गेलेला पर्यटक बहुतेकदा लहान फायबर होडीतूनच पाण्यात उतरतो. खाली काही बिघडले तर प्रशिक्षक त्याला वर आणतो, इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पण शुद्ध हरपलेला, जड झालेला माणूस काठावरून आत घ्यायचा कसा, याचा विचार क्वचितच होतो. प्राणवायूविना जाणारी मोलाची मिनिटे अनेकदा इथेच खर्च होतात.

वजनाचे गणित काय?

पाण्यात माणूस जवळपास वजनरहित असतो. शरीर पाण्याबाहेर येऊ लागताच पूर्ण वजन ओढणाऱ्याच्या हातावर येते. ७५ किलोचा माणूस, एकटी रिकामी ॲल्युमिनियमची टाकीच सुमारे १४ किलोची, कमरेला शिशाची वजने आणि कपड्यांत साचलेले पाणी. बेरीज सहज शंभरीच्या घरात जाते. शुद्धीवरचा माणूस शिडी धरतो, पाय मारतो. बेशुद्ध माणसाचे ओले हात नुसते निसटतात. त्यात ओढणाऱ्यांना हलत्या तळावर उभे राहून, वाकून जोर लावायचा असतो.

दुसरा धोका गर्दीचा. काय झाले हे पाहायला, कधी मोबाइल घेऊन, सगळे एकाच काठाशी येतात आणि होडी कलंडते. म्हणून दोघे-तिघेच ओढतील, बाकीच्यांनी विरुद्ध बाजूला खाली बसायचे, हे तांडेलाने ओरडूनच सांगायला हवे.

होडी पोहोचेपर्यंत काय करायचे?

आधी डायव्हर तरंगता ठेवायचा. शिशाची वजने सोडून द्यायची, जॅकेटमध्ये हवा भरायची, तोंड पाण्याबाहेर ठेवायचे. श्वास थांबला असेल तर प्रशिक्षित बचावकर्ता पाण्यातच तोंडाने श्वास देऊ शकतो. छाती दाबण्याचा प्रयत्न मात्र पाण्यात व्यर्थ आहे, कारण पाठीखाली टणक आधारच नसतो. होडी जवळ असेल तर तिथे लवकर पोहोचणे हाच उपाय.

तांडेलाने डायव्हरजवळ येताच इंजिन बंद करावे. नुसते न्यूट्रल करून भागत नाही. लाटेच्या हिंदोळ्यात चुकून गिअर पडला तर पंखा जिवावर उठतो. टाकी आणि जॅकेट काठाशी आल्यावरच काढायचे. बक्कल निघत नसेल तर पट्टा कापायचा, सामान वाचवत बसायचे नाही.

आत ओढण्याच्या पद्धती कोणत्या?

काठ कमी उंचीचा असेल तर दोघांची पद्धत चालते. डायव्हरची पाठ होडीकडे करायची, दोघांनी काखेखालून आणि मनगटाला धरायचे, एकदा किंचित खाली दाबून पाण्याच्या उसळीबरोबर वर खेचायचे. आधी काठावर बसवायचे, मग डोके सांभाळत आत आडवे करायचे. नाकातोंडात पाणी जाईल इतके खाली दाबायचे नाही.

काठ उंच असेल किंवा माणसे कमी असतील तर ‘लोळवण्याची’ युक्ती अधिक उपयोगी. जाड जाळे, ताडपत्री किंवा शीड घ्यायचे. त्याची एक कड होडीच्या आत पक्की बांधायची, झोळ डायव्हरच्या खाली सोडायचा आणि दुसरी कड वर ओढायची. डायव्हर झोळीत गोल फिरत वर येतो. सरकत्या कप्पीसारखी ही रचना असल्याने निम्मा भार बांधलेली कड पेलते. काठाशी होणारे घर्षण सोडले तर ओढणाऱ्याला साधारण निम्माच जोर लावावा लागतो. पिंप उतारावर चढवताना दोन दोर लावतात, तोच हा हिशेब. तोटा एवढाच की फिरताना श्वासमार्ग उघडा ठेवता येत नाही, म्हणून हे काम सलग आणि झपाट्याने व्हायला हवे.

लोळवून आडवे घेण्याचा आणखी एक फायदा आहे. पाण्याचा दाब पायांतले रक्त छातीकडे ढकलत असतो. बराच वेळ पाण्यात राहिलेल्याला उभे उचलले की तो दाब अचानक जातो, रक्त पायांत उतरते आणि रक्तदाब कोसळू शकतो. १९७९च्या फास्टनेट नौकाशर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचा बळी घेतला; त्यांतील काहींचा मृत्यू मदत पोहोचल्यानंतर, वर घेतले जात असताना झाला. अर्थात श्वासच थांबला असेल तर आडवे-उभे बघू नये, जे लवकर जमेल ते करावे.

होडीत घेतल्यावर?

पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्याची आपल्याकडची जुनी सवय घातक आहे. त्यात वेळ जातो, उलटी होऊन ती श्वासनलिकेत शिरते. श्वास नसेल तर आधी बचावश्वास (युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत ५, अमेरिकी तत्त्वांत २) आणि नाडी नसेल तर ३० वेळा छाती दाबणे, २ श्वास हे चक्र. त्यासाठी आडव्या फळ्यांमधली सपाट जागा आधीच मोकळी हवी. उलटी झाल्यास कुशीवर वळवून तोंड साफ करायचे.

डायव्हरचे प्रकरण साध्या बुडण्याहून वेगळे आहे. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे श्वास रोखून कोणी वर आला तर फुप्फुसातली हवा फुगून दुप्पट होऊ पाहते. फुप्फुस फाटून बुडबुडे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. हे उथळ पाण्यातही घडते. म्हणून वर येताच कोसळलेल्या डायव्हरला सपाट झोपवून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. होडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आणि शिडी आहे का, हे डाइव्हपूर्वी विचारण्याचा पर्यटकाला पूर्ण हक्क आहे.

तो शुद्धीवर आला तरी रुग्णालय चुकवू नये. अशा रुग्णाला उच्चदाब कक्षाची गरज लागू शकते. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या परिसरात ती सोय आहे. सिंधुदुर्गातून घाट चढून कोल्हापूर गाठायचे ठरले तर उंचीवर हवेचा दाब घटतो, बुडबुडे आणखी फुगतात. त्यामुळे रुग्णवाहिकेतही ऑक्सिजन सुरू ठेवावा आणि डायव्हिंगचा अपघात असल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे, खोली आणि वेळेसह. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, रुग्णवाहिकेचा १०८.