वेळेवर येणारी नदी

पहाटे ५.३०
कोलाडच्या कॅम्पवर तंबूंच्या चेनी अजून बंद आहेत. पाहुणे तीन दिवसांसाठी आलेत, आज दुसरा दिवस. मी आधी नदी बघून येतो. मे महिना, कुंडलिकेच्या पात्रात दगड उघडे पडलेत, मधल्या डबक्यांत बगळे उभे आहेत. माझ्या गावाकडचे, धारूरचे ओढे उन्हाळ्यात असेच दिसतात. पण इथे आज पाणी येणार, हे मला ठाऊक असतं.

६.३०
राफ्टमध्ये हवा भरतो. ट्यूब मुठीने दाबून बघायची. उन्हात हवा फुगते म्हणून थोडी कमी ठेवायची. गार पाण्यात उतरल्यावर राफ्ट ढिली वाटली, तर पुन्हा पंप मारायचा. मग थ्रो बॅगमधली दोरी पूर्ण बाहेर काढून पुन्हा भरतो. तिला एक गाठ पडलेली असली, तर ऐन वेळी ती बुडणाऱ्याच्या हातात पोचत नाही.

८.००
साजे गावाजवळ सूचना. प्रत्येकाचं लाइफ जॅकेट मी खांद्याला धरून वर ओढतो. हनुवटीपर्यंत आलं तर पट्टे पुन्हा आवळतो. "पॅडलची मूठ सोडायची नाही, नाहीतर शेजाऱ्याचे दात जातील. पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने. वाहत्या पाण्यात उभं राहू नका, दगडात पाय अडकतो." हे रोज सांगतो आणि रोज पहिल्यांदा सांगतोय असंच सांगतो.

९.००
पाण्याची वाट. एक मुलगी विचारते, "दादा, नदीला वेळ कोण देतं?"

मी हे आवडीने सांगतो. हे पाणी मुळशी धरणाचं. मुळा नदी मूळची पूर्वेला वाहणारी, भीमेला जाऊन मिळणारी. टाटांनी ती अडवली, पाणी बोगद्यातून कोकणाच्या कड्यावर आणलं आणि सुमारे ५०० मीटर खाली सोडलं. भिऱ्याला १९२७ पासून त्यावर वीज होते. वीज करून झाली की तेच पाणी कुंडलिकेत येतं. त्या धरणात ज्यांची भातखाचरं जाणार होती, त्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, हेही मी सांगतो. माझं पोट ज्या पाण्यावर आहे, ते कुणाच्या शेतावर साठलंय, हे मला विसरायचं नाही.

९.३०
बगळे उठले. आधी पाचोळा आणि फेसाची एक ओळ वळणावरून पुढे सरकते, मग आवाज येतो. कोरडे दगड खालून वर काळे होत जातात. मी रोज एका दगडावर नजर ठेवतो. त्याचा माथा भिजला की राफ्ट पाण्यात.

१०.००
"फॉरवर्ड! जोरात!" मॉर्निंग हेडएक नावाच्या रॅपिडची लाट तोंडावर येते. बारा-तेरा किलोमीटरभर दगड, लाट, भोवरा. बूम शंकर या रॅपिडपाशी एक पाहुणा पडला. दोरी फेकली, त्याने ती छातीशी धरली, जॅकेटचे खांदे धरून आत घेतला. दोन मिनिटं तो काही बोलला नाही, मग सगळ्यांच्या आधी पॅडल उचललं.

दुपारी २.००
जेवण: तांदळाची भाकरी, पिठलं. मला ज्वारीची आठवण येते.

४.००
राफ्ट उलट्या करून वाळवायच्या, जॅकेटं सावलीत टांगायची. नव्या पोरांकडून वीस वेळा दोरी फेकून घेतो.

७.००
पाणी उतरलं, दगड पुन्हा उघडे. शेकोटीजवळ कुणीतरी गाव विचारतं. मी धारूरचा किल्ला सांगतो: तीन बाजूंनी बालाघाटाची दरी आणि आत पाण्याच्या दोन जागा, खारी दिंडी आणि गोडी दिंडी. आमच्या बीड जिल्ह्यातही एक कुंडलिका आहे, सिंदफणेला मिळते, हे ऐकून सगळे चकित होतात.

९.००
मायचा फोन. ऊसतोडीहून ती आणि आण्णा परत आलेत, कोयते माळ्यावर गेलेत.

"आज पाणी आलं का रं?"

"आलं, साडेनऊला. तिकडं?"

"टँकर उद्या येतो म्हन्लेत."

डोंगर फोडून नदीची दिशा फिरवता येते, हे मी रोज सकाळी डोळ्यांनी बघतो. म्हणून उद्याच्या टँकरला नशीब म्हणायला माझी जीभ धजत नाही. फोन ठेवतो, पहाटेचा गजर लावतो.