पाळीव सशांमधील माश्यांचा प्रादुर्भाव: ओळख व प्रतिबंध

चेन्नईतील अड्यार हा भाग नदीमुखाशी, समुद्रालगत वसलेला आहे. कोकण किनाऱ्याप्रमाणेच तेथील हवा बहुतांश काळ उष्ण व दमट असते. अशा हवेत सदनिकेच्या गॅलरीत ससा पाळणाऱ्यांनी माश्यांबाबत विशेष दक्ष राहावे.

ल्युसिलिया प्रजातीच्या चकचकीत हिरवट माश्या मूत्राने भिजलेल्या वा विष्ठेने माखलेल्या केसांवर अंडी घालतात. उष्ण हवेत 24 तासांच्या आत अळ्या बाहेर पडून कातडी पोखरू लागतात. ससा वेदना सहसा दर्शवीत नाही. त्यामुळे निदानास विलंब होतो व तो दगावू शकतो.

निरोगी ससा स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. लठ्ठ किंवा वृद्ध सशाला हे जमत नाही आणि मागील भाग माखतो. म्हणून आहारात वाळलेले गवत मुख्य असावे, धान्य व गोड फळे अल्प.

प्रतिबंधासाठी दिवसातून दोनदा शेपटीखालील भाग तपासावा, ओले अंथरूण रोज बदलावे आणि पिंजऱ्यास बारीक जाळी लावावी. अळ्या आढळल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

कुत्र्यांच्या गोचिडांसाठी वापरले जाणारे फिप्रोनिल सशावर कदापि फवारू नये. कुत्र्याला सुरक्षित असलेले हे कीटकनाशक सशासाठी प्राणघातक ठरू शकते. विस्तार कार्यकर्त्यांनी ही बाब प्रत्येक ससेपालकास आवर्जून सांगावी.